बादली रिकामी पाठवायची नसते

'ताई, नमस्कार.

तुमच्या सदरात सासूचे, जावेचे, वाटण्यांचे प्रश्न येतात. माझा प्रश्न फुटबॉलचा आहे. हसू नका.

आम्ही इंडियानापोलिसच्या उत्तरेला राहतो. हे मूळचे कराडचे. ऑगस्ट २००० मध्ये एम.एस.साठी पर्ड्यू विद्यापीठात आले आणि तिथल्या फुटबॉल टीमचे झाले ते कायमचेच. मी २००४ मध्ये लग्न होऊन आले. आल्याआल्या पहिल्याच थंडीच्या सुमाराला मला एका मॅचला नेलं. कोणाच्या तरी हातून चेंडू पडला आणि हे चक्क रडले. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

२०१७ मध्ये आम्ही या घरात आलो. शेजारी एक रिटायर्ड शिक्षक राहतात, ते इंडियाना युनिव्हर्सिटीचे. या दोन विद्यापीठांची दर नोव्हेंबरात मॅच असते आणि जिंकणाऱ्याला एक लाकडी बादली मिळते. त्यावरून ह्या दोघांनी टूम काढली. माझ्या आईने रुखवतात दिलेली स्टीलची बादली, तिच्यावर माझं माहेरचं नाव कोरलेलं आहे, ती जिंकणाऱ्याच्या पोर्चवर वर्षभर ठेवायची. पुढे पर्ड्यू पाचदा जिंकली. पाचही वेळा शेजारी स्वतः आले आणि बादलीत काहीतरी घालून गेले. कधी सफरचंदं, कधी पर्सिमनचं पुडिंग. २०१९ ला इंडियाना जिंकली तेव्हा बादली मी नेऊन दिली, कारण ह्यांचं डोकं दुखत होतं.

लेक २०२४ मध्ये इंडियानाला बिझनेस शिकायला गेली. पर्ड्यूच्या इंजिनिअरिंगलाही प्रवेश मिळाला होता, तिने घेतला नाही. त्याच वर्षी इंडियाना ६६-० ने जिंकली. हे काही खुर्चीवरून उठेनात, तेव्हा लेकच लाल स्वेटशर्ट घालून बादली शेजारी देऊन आली. २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा ५६-३. लेकीने शेजारच्या पोर्चचा फोटो काढून ह्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, "बाबा, बादली खुशाल आहे, काळजी नसावी." तेव्हापासून अबोला. जानेवारीत तिची टीम देशात पहिली आली, तरी फोन नाही. बोलायचं ते माझ्यामार्फत: "तिला सांग, गाडीचं ऑइल बदलायला झालंय." आता म्हणतात, सीझन तिकिटंही सोडून देणार. पोरगी परवा फोनवर रडली.

टीव्हीच काढून टाकू का?

– एक वैतागलेली'

प्रिय वैतागलेल्या मैत्रिणी,

हसले. खोटं कशाला सांगू? 'बादली खुशाल आहे' इथे मोठ्यानं हसले आणि चहा सांडला. मग पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

टीव्ही काढू नका. काढलात तर ते फोनवर बघतील, तेही गॅरेजमध्ये बसून, आणि मग तुम्हाला कळणारसुद्धा नाही किती झाले.

या ठिकाणी बहुतेक सल्लागार काय लिहितील ते मला ठाऊक आहे: हे भांडण फुटबॉलचं नाहीच, लेकीनं वडिलांचं कॉलेज नाकारलं त्याचं हे शल्य आहे. तुम्हीही ते प्रवेशाचं वाक्य मधेच, जाताजाता घातलंय, म्हणजे तुमच्याही मनात तेच असावं. थोडं आहे त्यात तथ्य. पण माझं मत विचाराल तर हे भांडण चांगलं ऐंशी टक्के फुटबॉलचंच आहे, आणि ते फुटबॉलचं म्हणूनच मिटवायला हवं. मी इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावात तीस वर्षं काढली आहेत. माझं सासर म्हणजे इलिनॉयची टीम. या रोगाची माणसं मी घरात पाळली आहेत.

इतर वाचकांसाठी सांगते. हा चेंडू हातात धरून पळायचा फुटबॉल. कॉलेजच्या टीमला नेहमीच्या सीझनमध्ये जेमतेम बारा मॅच मिळतात, शनिवारी एक अशा. क्रिकेटसारखं परवा दुसरी मॅच आहे, तेव्हा बघू, असं इथे चालत नाही. हरलं की आठवडाभर ती हार घरात पाहुण्यासारखी राहते, आणि बाराव्या मॅचनंतर तर थेट सप्टेंबरपर्यंत मुक्काम.

आता तुमच्या यजमानांच्या पदरात गेल्या तीन वर्षांत काय पडलंय ते बघा. २०२२ मध्ये पर्ड्यू आपल्या गटात पहिली येऊन बिग टेनच्या, म्हणजे या दोन्ही टीम ज्या लीगमध्ये खेळतात तिच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेली होती. त्याच आठवड्यात कोच जेफ ब्रोम लुईव्हिलला निघून गेले. २०२३ मध्ये ४-८, म्हणजे चार जिंकल्या, आठ हरल्या. २०२४ मध्ये पहिली मॅच ४९-० अशी जिंकली, घरात लाडू वाटले असतील, आणि त्यानंतर ओळीनं अकरा हरले. नोत्र दामनं पर्ड्यूच्याच मैदानावर येऊन ६६-७ केलं. ओहायो स्टेट ४५-०. शेवटी इंडियाना ६६-०, आणि दुसऱ्याच दिवशी कोचला नारळ. नवे कोच आले, बॅरी ओडम. २०२५ मध्ये पहिल्या दोन जिंकल्या, नंतर दहाच्या दहा हरल्या. दोन वर्षांत बिग टेनमधल्या अठरा मॅच आणि विजय शून्य.

आता यातली खरी खोच सांगते. ती तुम्हाला कदाचित माहीत नसेल, पण त्यांना नक्की माहीत आहे. पर्ड्यूनं बिग टेनमधली शेवटची मॅच जिंकली ती २५ नोव्हेंबर २०२३ ला, ३५-३१, आणि समोर होती इंडियाना. त्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी इंडियानानं आपल्या कोचला काढलं आणि चार दिवसांत कर्ट सिग्नेटींना आणलं. हे गृहस्थ जेम्स मॅडिसन नावाच्या लहान विद्यापीठातून आले, येताना तिथले तेरा खेळाडू बरोबर घेऊन आले, आणि खेळाडूंना आपली योजना कशी पटवता असं विचारल्यावर पत्रकारांना म्हणाले, 'मी जिंकतो. गूगल करा.' पहिल्या वर्षी ११-२. दुसऱ्या वर्षी सोळापैकी सोळा. म्हणजे तुमच्या यजमानांनी ज्या दिवशी तुमच्या पोर्चवर शेवटचा विजय साजरा केला, त्याच दिवसानं शेजाऱ्याचं नशीब उघडलं. रात्री दोन वाजता ते छताकडे बघत पडलेले असतील तर हाच हिशेब मांडत असतील.

एक विचारते. २०१३ मध्येही पर्ड्यू १-११ होती. तेव्हाही एकच मॅच जिंकले होते, आणि गंमत म्हणजे तीही इंडियाना स्टेटविरुद्धच (शेजाऱ्यांची इंडियाना नव्हे, हे वेगळं विद्यापीठ), २०२४ सारखीच. तेव्हा त्यांनी अबोला धरला होता का? मला नाही वाटत. लेक सात-आठ वर्षांची असेल, पर्ड्यूची काळी-सोनेरी टोपी घालून मांडीवर बसली असेल. आणि इंडियानाही तेव्हा काही आकाशाला भिडलेली नव्हती. आपली म्हैस आटली तर माणूस सोसतो. शेजारची भाकड म्हणून हिणवलेली म्हैस एकदम दोन्ही वेळा चरवी भरून दूध द्यायला लागली की जेवण जात नाही.

आणि भाकड हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेज टीममध्ये सर्वांत जास्त पराभव कोणाच्या खात्यावर होते, तर इंडियानाच्या. सातशेच्या वर. बिग टेनचं विजेतेपद याआधी मिळालं होतं ते १९६७ मध्ये, तेही तिघांत वाटून, आणि त्या तिघांत एक पर्ड्यू होती. सीझननंतरचा बोल सामना १९९१ मध्ये जिंकल्यावर पुढचा जिंकायला २०२६ चा एक जानेवारी उजाडावा लागला. तोवर शेजारचे मास्तर काय करत होते? शनिवारी लाल टोपी घालून जात होते, हरून येत होते, आणि सफरचंदं घेऊन तुमच्या दारात उभे राहत होते.

इथे मी जरा थांबले. पत्रातली ती ओळ पुन्हा वाचली. 'पाचही वेळा शेजारी स्वतः आले आणि बादलीत काहीतरी घालून गेले.'

आपल्याकडे शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तुमच्या आईनं तुम्हाला हे शिकवलं असेल, त्यांच्या सासूबाईंनी त्यांना. त्या मास्तरांना हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि बादली तर तुमचीच होती. तरी ते रिकाम्या हाती आले नाहीत. आणि तुमच्या घरून बादली दोनदा गेली. एकदा तुम्ही नेलीत, एकदा लेकीनं. यजमानांचा हात एकदाही लागला नाही. आत काय घातलं होतं तेही तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे बहुधा काहीच नसावं.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या यजमानांना जिंकता येतं. हरता येत नाही. ते त्यांनी शिकायला हवं, आणि ते शिकवणारा मास्तर कुंपणापलीकडे बसलाय, चाळीस-पन्नास वर्षांचा अनुभव घेऊन. मी नाही, तुम्ही नाही, लेक तर नाहीच.

हरता येणं म्हणजे दुःख न होणं, असं मात्र मी म्हणत नाही. १२ ऑक्टोबर २०२४ ला मी शॅम्पेनच्या मैदानावर होते. पर्ड्यू पाहुणी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमचे २७, त्यांचे ३. आमच्या पुढच्या रांगेत पर्ड्यूचं एक जोडपं होतं, सत्तरीचं. त्यानं गुडघ्यांवरचं काळं ब्लँकेट उचललं, बाईनं थर्मास पिशवीत टाकला, निघायची तयारी. तेवढ्यात पर्ड्यूनं एक टचडाउन केलं, म्हणजे चेंडू टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण मिळवले. तो उभ्याउभ्याच थांबला. मग आणखी एक झालं. मग ब्लँकेट पुन्हा गुडघ्यांवर. शेवटच्या मिनिटात पर्ड्यू ४३-४० अशी पुढे! आमच्यांनी कसंबसं बरोबरीत आणलं. जादा वेळेत आमचे सात झाले, त्यांचंही टचडाउन झालं, ५०-४९. एका गुणाची साधी किक मारली असती तर पुन्हा बरोबरी. त्यांनी दोन गुणांसाठी डाव लावला आणि तो फसला. आजूबाजूला आमची माणसं नाचत होती. त्या म्हाताऱ्यानं ब्लँकेट काढलं, बायकोच्या हातात दोन टोकं दिली, आणि दोघांनी ते घातलं घडीत, टोकाला टोक लावून, आपण धुतलेलं लुगडं घडी घालतो तसं. अजिबात घाई नाही. जाताना माझ्या नवऱ्याला म्हणाला, छान मॅच झाली. डोळे लाल होते त्याचे.

त्याला दुःख झालंच होतं. पण त्याला हरता येत होतं.

आता तुमच्या २००४ च्या मॅचबद्दल. कोणाच्या तरी हातून चेंडू पडला म्हणता. तो दिवस १६ ऑक्टोबर २००४ असणार, पैज लावते. पर्ड्यू तोवर पाचपैकी पाच जिंकलेली, देशात पाचवी. समोर विस्कॉन्सिन. अडीचेक मिनिटं उरली होती, पर्ड्यू १७-१४ ने पुढे. क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा डाव चालवणारा, काइल ऑर्टन स्वतः चेंडू घेऊन पळाला, हवेत उडवला गेला, गरकन फिरला आणि चेंडू सुटला. विस्कॉन्सिनच्या पोरानं तो उचलून चाळीस यार्ड नेला. १७-२०. बरोबरीची किकही बाहेर गेली. पर्ड्यूची माणसं आजही त्याला नुसतं 'द फंबल' म्हणतात, पुढे काही सांगावं लागत नाही. तुम्ही नव्या नवरीच्या बांगड्या घालून साठ हजारांच्या शांततेत बसला होतात, आणि शेजारी हा माणूस रडत होता.

हे त्यांनी लेकीला कधी सांगितलंय? ऑक्टोबर २००० ची ओहायो स्टेटची मॅच सांगितली असेल, याची खात्री आहे. इथे येऊन दोन महिने झालेले, पर्ड्यूचा क्वार्टरबॅक ड्र्यू ब्रीज यानं आधी चेंडू शत्रूच्या हातात दिला, टीम मागे पडली, आणि दोन मिनिटांच्या आत चौसष्ट यार्डांचा टचडाउन पास. ३१-२७. त्यानंतर 'रोज बोल' हा सीझननंतरचा मानाचा सामना. पर्ड्यूच्या त्या काळच्या कोणत्याही माणसाला गणपतीच्या आरतीनंतर बसवा, प्रसाद संपेपर्यंत हे सांगून होतं. पोरीला ते पाठ असणार. म्हणून ती ऑर्टनची गोष्ट सांगायला लावा, आणि तुम्ही साक्षीदार म्हणून बसा. बाप जिंकल्याच्या गोष्टी सांगतो तेव्हा पोरं फोन बघतात. रडल्याची सांगितली की फोन बाजूला ठेवतात.

लेकीचं काय चुकलं? माझ्या मते काही नाही. चिडवायचं असतं म्हणूनच तर ही मॅच आहे! पाच वर्षं ती बापाला शेजाऱ्यांना चिडवताना बघत होती. बादलीची टूम तिच्या बापाचीच. तिनं फोटो पाठवला तो तुमच्या घरचाच संस्कार आहे, फक्त स्वेटशर्टचा रंग बदलला. उलट तिनं जी शब्दयोजना केलीय, 'खुशाल आहे, काळजी नसावी', ती कराडच्या आजोबांच्या पोस्टकार्डावरची आहे. अमेरिकेत जन्मलेल्या पोरीला हे येतं, म्हणजे कोणीतरी मांडीवर बसवून शिकवलंय. ते त्यांना दाखवून द्या. एवढं एक दाखवलंत तरी पुष्कळ काम होईल.

तिला सांगायचं असेल तर इतकंच, की ६६-० हे वर्षातून एकदा म्हणायचं. रोज म्हटलं की त्याला धार राहत नाही.

तुमची मात्र एक चूक आहे, आणि ती आजपासून बंद करा. निरोप पोचवू नका. 'तिला सांग ऑइल बदलायला झालंय' असं म्हणाले की हातातलं काम चालू ठेवायचं आणि म्हणायचं, तिचा नंबर तुमच्याकडे आहे. तुम्ही पोस्टमन झालात म्हणून अबोला चाललाय. पोस्ट बंद पडलं की दोन आठवड्यांत ऑइलसाठी तरी फोन लागेल. ऑइलची काळजी करणारा बाप रागावलेला असतो, तुटलेला नसतो. हे मी माझ्या वडिलांवरून सांगते. ते बोलत नसत तेव्हा सायकलच्या चाकांत हवा भरून ठेवत.

सीझन तिकिटांचं. सोडू देऊ नका, पण त्यासाठी निष्ठा वगैरे मोठे शब्द वापरू नका, चिडतील. यामागे एक गोष्ट आहे, ती त्यांना तुमच्यापाशी बोलता येत नसेल. पूर्वी एखादा पोरगा अठराव्या वर्षी यायचा, चार वर्षं खेळायचा, त्याचं गाव, त्याची शाळा, त्याचा मोडलेला पाय, सगळं माहीत व्हायचं. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि एक वर्ष बाहेर न बसता कॉलेजही बदलता येतं. २०२५ पासून तर विद्यापीठंच थेट पैसे देतात. पोरांच्या बाजूनं बघितलं तर हे योग्यच आहे, इतकी वर्षं सगळे कमवत होते आणि खेळणारा तेवढा उपाशी. पण पंचवीस वर्षं बाकावर बसलेल्या माणसाचं काय होतं? टीम पडली की चांगली पोरं निघून जातात. पर्ड्यूचा डिलन थीनमन बघा, पहिल्याच वर्षी देशभर नाव केलं, १-११ नंतर ओरेगॉनला गेला. २०२५ ची टीम निम्म्याहून जास्त नवी. म्हणजे तुमचे यजमान जाऊन बसतात, ओरडतात, आणि मैदानावरची नावं त्यांना ओळखीची वाटत नाहीत. आपल्या गावच्या जत्रेत जावं आणि कुणीच ओळखीचं भेटू नये, तसं. हे हरण्यापेक्षा जास्त लागतं, असा माझा अंदाज आहे.

पण याच नियमांनी इंडियानाचं सोनं केलं, हेही त्यांना कळतं. तेरा पोरं एका बसमध्ये घालून आणायची सोय सिग्नेटींना आधी नव्हती. दोन वर्षांत शेजारचा तळाचा वर गेला, तर आपला का नाही जाणार? हे मी त्यांना खूश करायला म्हणत नाही. आमच्या इलिनॉयचं मागचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालंय, म्हणून म्हणते. आणि अगदी व्यवहाराचं बोलायचं तर हरणाऱ्या वर्षांत पार्किंग जवळ मिळतं, डिकी उघडून बटाटेवडे तळायला जागा मिळते, आणि पुढच्या रांगा रिकाम्या असतात. दोनऐवजी एकच तिकीट ठेवायचं ठरलं तरी चालेल. पण पूर्ण सोडलं तर शनिवारी ते घरातच असतील. विचार करा.

आता त्या खऱ्या बादलीविषयी थोडं, कारण लेकीलाही हे माहीत नसेल. दक्षिण इंडियानातल्या एका शेतावरच्या विहिरीची ती ओकची बादली आहे. १९२५ पासून दर वर्षी जिंकणाऱ्याचं अक्षर ब्राँझची कडी म्हणून तिच्या साखळीत अडकवतात, इंडियाना जिंकली तर आय, पर्ड्यू जिंकली तर पी. पहिल्याच वर्षी मॅच ०-० सुटली. मग करायचं काय? दोन्ही अक्षरं एकत्र जोडून कडी केली. आजही सगळी साखळी त्या कडीपासूनच सुरू होते. आणि त्या साखळीत पी अजूनही आयपेक्षा बरेच जास्त आहेत. हे शेवटचं वाक्य यजमानांना दोनदा वाचून दाखवा.

करायचं ते असं. मार्चमध्ये लेक सुट्टीला येईल. त्या आठवड्यात बेसन भाजायला घ्या, वास गॅरेजपर्यंत जाऊ द्या. डबा भरा आणि तो यजमानांच्या हातात द्या, लेकीच्या नाही, तुम्हीही उठू नका. शेजारच्या पोर्चवर तुमच्या आईची बादली आहे, तिच्यात तो ठेवून यायचा. २०२४ ची बादली रिकामी गेली होती, २०१९ ची गेली होती, ते राहिलंय, एवढंच सांगा. डोकं दुखतंय म्हणाले तर गोळी द्या आणि पाठवा. लेक बरोबर जायचं म्हणाली तर जाऊ दे. काळा-सोनेरी आणि लाल एका पोर्चवर उभे राहिले तर मास्तर फोटो काढतीलच. बसा म्हणाले तर बसू द्या. आपण इतकी वर्षं कसं सोसलंत, असं यजमानांनी त्यांना एकदा विचारायला हवंय. ते विचारतील की नाही, माहीत नाही. कराडच्या माणसाला प्रश्न विचारणं जड जातं. पण मास्तर शिक्षक होते, न विचारताही सांगतील.

पुढची मॅच नोव्हेंबरात ब्लूमिंग्टनला, लेकीच्या अंगणात. तिथली तीन तिकिटं आत्ताच काढून ठेवा, मागून ती मिळायची नाहीत. यजमानांना ऑगस्टमध्ये सांगा, आधी नको.

आणि लाडू डब्यात मोजून घालू नका. चुकून छप्पन्न निघाले तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

– तुमची ताई